कंबरेचा जमाखर्च

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाच्या अंकासाठी काही मजकूर द्यावा असे आम्हांस सांगितले, तेव्हा बाजारभाव, बाजार समितीचे नियम अथवा वस्तू व सेवा कर यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही लिहू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे बंधू आपल्यांत पुष्कळ आहेत. आम्ही लिहिणार आहोत ते कंबरेवर. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध रुग्ण म्हणूनच आला. परंतु जे दुखणे आम्ही चार वर्षे चुकीच्या मार्गाने सांभाळले आणि नंतर योग्य मार्गाने आटोक्यात आणले, त्याचा हिशेब आपल्या बांधवांपुढे मांडणे हे आम्ही कर्तव्य समजतो.

आपला व्यवसाय घाऊक धान्याचा. सकाळी नवाला पेढी उघडावी, लोडाला टेकून गादीवर बसावे, आणि दिवेलागणीनंतर रोजकीर्द जुळली की उठावे, हा आपल्या वाडवडिलांपासूनचा परिपाठ. आता गादीच्या जागी खुर्ची आली आणि वहीच्या जागी संगणक आला, तरी बसणे कायम आहे. बेळगावच्या रविवार पेठेत काय किंवा अन्य पेठांत काय, पन्नाशी ओलांडलेला आणि कंबर कधीच दुखली नाही असा व्यापारी शोधूनच काढावा लागेल. हे दुखणे आपल्यापुरतेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आकडेवारीप्रमाणे २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे.

आमचे दुखणे

२०१७ सालच्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. गिऱ्हाइकांची गर्दी होती. काट्याजवळ पाच किलोचे एक वजन जमिनीवर पडले होते. आम्ही गादीवरून उठलो, एका बाजूस वळून वाकलो आणि ते उचलले. उचलता उचलता कंबरेत अशी कळ आली की वजन हातातून सुटले आणि आम्ही काट्याला धरून उभे राहिलो. तरुणपणी आम्ही स्वतः पोत्याला हात लावला आहे. पाच किलोच्या वजनाने आमची अशी अवस्था व्हावी याची आम्हांस लाजच वाटली.

पुढे जे झाले ते बहुतेक घरांत होते तसेच झाले. तीन आठवडे आम्ही अंथरुणावर पडून राहिलो. तेलाचे मर्दन झाले, शेक झाला, गोळ्या झाल्या. उठल्यावर दुखणे थोडे कमी होते; परंतु महिन्याभरात परत आले. २०१८ साली एका मोठ्या शहरात जाऊन एम.आर.आय. काढला. त्यात दोन चकत्या झिजलेल्या व एक बाहेर आलेली दिसली. तपासणाऱ्या गृहस्थांनी फिल्म उजेडापुढे धरून सांगितले, “तुमचा कणा संपला आहे. आता वाकायचे नाही, उचलायचे नाही, जमिनीवर बसायचे नाही.” त्यांनी कंबरेला पट्टा दिला. तो पट्टा आम्ही तीन वर्षे बांधला.

‘कणा संपला’ हे शब्द आमच्या मनात जे घर करून बसले, त्यांनी चकतीपेक्षा अधिक नुकसान केले. आम्ही प्रत्येक हालचालीला भिऊ लागलो. सामायिकासाठी मांडी घालणे सोडून खुर्ची घेतली. मुनिमहाराजांचे दर्शन झाले असता वाकून नमोस्तु करणे जमेना. नातवाला उचलून घेणे बंद झाले. २०१९ च्या हिवाळ्यात सहकुटुंब श्रवणबेळगोळला गेलो. विंध्यगिरीच्या सहाशेंहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी चढावयाच्या. आमच्याने पहिल्या वीसही चढवेनात. शेवटी डोली केली. चार माणसांच्या खांद्यांवर बसून आम्ही भगवान बाहुबलींच्या चरणांशी पोहोचलो. सुमारे ५७ फूट उंचीची ती मूर्ती कोणत्याही आधाराशिवाय सरळ उभी आहे, आणि आम्ही मात्र पट्टा बांधून, काठी टेकून तिच्यासमोर उभे होतो. दर्शन झाले, परंतु समाधान झाले नाही.

२०२० च्या टाळेबंदीत चालणेही थांबले आणि दुखणे वाढले. २०२१ साली, बऱ्याच आग्रहानंतर, आमची सून आम्हांस एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेली. वयाने त्या आमच्या मुलीसारख्या. त्यांनी फिल्म पाहिली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “काका, फिल्म मी पाहिली. आता तुम्ही उठता कसे, बसता कसे आणि चालता कसे ते दाखवा.” चार वर्षांत हे आम्हांस कोणी विचारले नव्हते. मग त्यांनी जे समजावून सांगितले ते आमच्या मतीप्रमाणे पुढे देत आहोत.

शरीराची थप्पी

वखारीत पोत्यांची थप्पी कशी लावतात हे आपणांस सांगावयास नको. पोत्यावर पोते सरळ ठेवीत गेले तर आठ-दहा थरांनंतर थप्पी कलू लागते. म्हणून एक थर आडवा व एक उभा असा बांध घालावा लागतो. आपल्या कण्याच्या कंबरेच्या भागात पाच मणके एकावर एक आहेत व त्यांच्यामध्ये चकत्या आहेत. हा भाग केवळ हाडे व अस्थिबंध यांच्या जोरावर उभा राहत नाही. प्रयोगशाळेत स्नायू काढून टाकलेला कंबरेचा कणा तपासला असता तो सुमारे ९० न्यूटन, म्हणजे अवघ्या नऊ किलोंच्या आसपासच्या भाराखाली कलून मोडतो असे दिसून आले. दहा किलोच्या आट्याच्या पिशवीहूनही हा भार कमी! असे असता मनुष्य मणभर ओझे उचलतो तो कोणाच्या जोरावर? भोवतीच्या स्नायूंच्या जोरावर. थप्पीचा बांध म्हणजे हे स्नायू.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे मनोहर पंजाबी यांनी १९९२ साली हा विचार व्यवस्थित मांडला. त्यांच्या मते कण्याचे स्थैर्य तीन गोष्टींवर अवलंबून असते: एक, हाडे व अस्थिबंध, दोन, स्नायू, आणि तीन, त्या स्नायूंना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. यांपैकी एक दुबळी झाली तर उरलेल्या दोहोंना तिचे काम काही अंशी अंगावर घेता येते. आमच्यासारख्या साठीच्या माणसाला यातच आशा आहे. झिजलेली चकती पुन्हा नवी होणार नाही. परंतु स्नायू आणि त्यांचा सराव कोणत्याही वयात सुधारता येतो.

या स्नायूंना इंग्रजीत ‘कोअर’ म्हणतात. आपण त्यास गाभा म्हणू. पुढून व बाजूंनी पोटाचे स्नायू, त्यांतही सर्वांत आतला, पट्ट्यासारखा पोटाभोवती गेलेला. मागून मणक्यांना लागून असलेले लहान स्नायू. वरून श्वासाचे मध्यपटल. आणि खालून ओटीपोटाचा तळ. एखादा डबा चहूबाजूंनी बंद असावा तशी ही रचना आहे. निसर्गाने आपणांस जन्मतःच कंबरपट्टा दिलेला आहे. आम्ही तो सैल सोडून बाजारातला पट्टा बांधीत होतो.

१९९६ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याच्या क्षणभर आधी पोटाचा सर्वांत आतला स्नायू आवळला जातो व कणा सावरून धरतो. जुनी कंबरदुखी असलेल्या माणसांत हा स्नायू उशिरा आवळला जातो. चोर येऊन गेल्यावर जागा होणाऱ्या रखवालदारासारखी ही स्थिती! त्याच वर्षी जुली हाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, कंबरदुखीचा पहिला झटका ओसरला तरी मणक्यालगतचा लहान स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. कळ गेली म्हणजे दुखणे गेले असे आपण समजतो. परंतु रखवालदार झोपलेलाच असतो आणि म्हणून चोर पुन्हा येतो.

फिल्मसंबंधीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या लोकांपैकी ८८ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या व ६९ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. आणि त्यांचे काहीच दुखत नव्हते. केस पांढरे व्हावेत तशी चकती झिजते. हे आम्हांस २०१८ साली कोणी सांगितले असते तर तीन वर्षांची भीती वाचली असती.

व्यायाम

कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावर किती भार पडतो याचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि कण्यावर कमी भार टाकून गाभ्याला बळकटी देणारे तीन व्यायाम निवडले. आम्ही करतो ते हेच तीन, आणि त्यांच्या आधी एक तयारीचा.

तयारी: चटईवर गुडघे व हात टेकून मांजरासारखे व्हावे. पाठ हळूहळू वर फुगवावी, मग हळूहळू खाली सोडावी. योगाभ्यासी मंडळी यास मार्जारासन म्हणतात. सहा ते आठ वेळा, ताण न देता. हेतू सांध्यांना हालचाल देण्याचा आहे, ओढण्याचा नाही.

पहिला: उताणे पडावे. एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात वाकवलेला. दोन्ही तळहात कंबरेच्या पोकळीखाली ठेवावेत, म्हणजे ती पोकळी सपाट होणार नाही. आता डोके व खांदे एकत्र, जमिनीपासून जेमतेम वर उचलावेत. हनुवटी छातीशी नेऊ नये. दहा सेकंद धरून खाली यावे. शाळेत कवायतीच्या मास्तरांनी शिकवलेल्या उठाबशा त्या या नव्हेत. उताणे पडून पूर्ण उठून बसण्याच्या व्यायामात चकतीवर फार दाब येतो. दुखऱ्या कंबरेने तो करू नये.

दुसरा: कुशीवर निजावे. कोपर खांद्याखाली टेकवावे, गुडघे वाकवावेत, आणि कोपर व गुडघे यांच्या आधाराने कंबर वर उचलावी, म्हणजे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ रेषा होईल. दहा सेकंद. मग दुसरी कूस. जोर वाढल्यावर गुडघ्यांऐवजी पावलांवर तोलावे. आम्हांस तेथवर पोहोचण्यास पाच महिने लागले.

तिसरा: पुन्हा हात व गुडघे टेकून व्हावे. उजवा हात पुढे व डावा पाय मागे, एकाच वेळी सरळ करावा. दहा सेकंदांनी बाजू बदलावी. येथे हातापायांपेक्षा पाठीकडे लक्ष हवे. पाठीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आहे अशी कल्पना करावी. तो सांडता कामा नये. पहिल्या आठवड्यात आमचा तांब्या रोज सांडला.

प्रत्येक व्यायामाची प्रथम तीन-तीन आवर्तने पुरेत. पुढे प्रत्येक बाजूस सहा, थोडी विश्रांती, मग चार, विश्रांती, मग दोन, असा उतरता क्रम ठेवावा. वेळ दहा सेकंदांहून वाढवू नये, आवर्तने वाढवावीत. तीनही व्यायामांत श्वास रोखू नये. पोट आत ओढावयाचे नाही. कोणी गमतीने पोटात बोट खुपसणार आहे असे समजून जितके घट्ट कराल तितकेच घट्ट ठेवावे. सर्व मिळून पंधरा ते वीस मिनिटे लागतात.

एक सावधगिरी वेळेची आहे. रात्री झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची एक-दोन सेंटीमीटर अधिक भरते. त्या वेळी वाकल्यास चकतीवर ताण अधिक येतो. उठल्याबरोबर खाली वाकणे, बादल्या उचलणे किंवा व्यायाम करणे टाळून तासाभराने करावे. आम्ही देवदर्शन करून आल्यावर करतो.

याखेरीज तीन गोष्टी आम्हांस सांगण्यात आल्या. एक, अर्ध्या तासाहून अधिक एकाच बैठकीत बसू नये. गिऱ्हाईक आले तर उठून उभे राहावे, त्यात मानही दिला जातो आणि कंबरही सुटते. दोन, वस्तू उचलताना ती अंगाजवळ घ्यावी, गुडघ्यांत व खुब्यांत वाकावे, आणि वाकलेले असता कंबरेत पीळ देऊ नये. वळावयाचे तर पावलांनी वळावे. २०१७ साली आम्ही नेमका हाच पीळ दिला होता. तीन, रोज चालावे. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मार्गदर्शनाखाली क्रमाक्रमाने चालणे वाढवणाऱ्यांची कंबरदुखी सरासरीने २०८ दिवसांनी उलटली. तसे न करणाऱ्यांची ११२ दिवसांनी. चालण्याला पैसा लागत नाही, ही बाब व्यापाऱ्याने लक्षात घ्यावी!

जमा किती, खर्च किती

मालाची स्तुती करताना त्यातील खडाही दाखवावा, ही आमच्या वडिलांची शिकवण. म्हणून सांगतो की, गाभ्याचे व्यायाम हा काही रामबाण नव्हे. अनेक प्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष पाहता, पहिल्या काही महिन्यांत या व्यायामांचा थोडा अधिक उपयोग दिसतो. परंतु वर्षाने पाहिले तर अन्य नियमित व्यायाम करणारेही तेथेच पोहोचलेले असतात. मात्र काहीच न करणाऱ्यांपेक्षा व्यायाम करणारे पुढे असतात. तात्पर्य, जो व्यायाम मनुष्य रोज करील तो त्याला चांगला. आपल्यांपैकी कोणी योगासने करीत असतील तर त्यांनी ती सोडून हे धरण्याचे कारण नाही. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून उड्डियान व नौली या पोटाच्या स्नायूंच्या क्रियांचा शास्त्रीय उपकरणांनी अभ्यास केला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गाभ्याचा विचार आपल्या भूमीस परका नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाला दुखणे समजावून सांगणे व व्यायाम यांची शिफारस आहे. आणि कंबरेचे पट्टे व वजने लावून कणा ताणणे हे उपचार सरसकट देऊ नयेत असे म्हटले आहे. आमचा पट्टा तत्पूर्वीच कपाटात गेला होता.

आणखी एक इशारा. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या साध्या कंबरदुखीविषयी आम्ही लिहीत आहोत. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस व बैठकीच्या जागी बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काही झाले तर एक तासही न दवडता इस्पितळ गाठावे. ताप, कारण नसता वजन घटणे, रात्री झोपू न देणारी वेदना, पडल्यानंतर आलेले दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, अशा वेळी प्रथम डॉक्टरांकडे जावे, व्यायाम मागाहून. निरोगी माणसानेही पहिले काही दिवस जाणत्याच्या नजरेखाली शिकावे. लेख वाचून आसन शिकणे हे पत्रावरून धान्याची प्रत ओळखण्यासारखे आहे.

आमचे म्हणाल तर, सहाव्या आठवड्यात रात्रीची झोप सुधारली. तिसऱ्या महिन्यात पट्टा सुटला. सहाव्या महिन्यात मांडी घालून सामायिकाची ४८ मिनिटे पूर्ण झाली. त्या दिवशी घरात आम्ही कोणास काही बोललो नाही, परंतु आमच्या सौभाग्यवतींनी खुर्ची उचलून माडीवर नेऊन ठेवली. २०२४ साली घरच्या लग्नाच्या धामधुमीत दोन महिने व्यायाम चुकला आणि दुखणे नऊ दिवस पाहुणे येऊन राहिले. पुन्हा आरंभ करताच गेले. रोजची आवक थांबली की शिल्लक खाल्ली जाते, हा नियम कंबरेलाही लागू आहे.

अतिभारारोपण

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख पुरा झाला असता. परंतु जमाखर्चातील एक रक्कम लिहावयाची राहिली असती.

२०२२ साली पावसाळ्यात एके दुपारी आम्ही वखारीत चटई टाकून व्यायाम करीत होतो. आमच्याकडे तीस वर्षांपासून असलेले एक हमाल दाराशी येऊन उभे राहिले. त्यांना आम्ही आमच्या वडिलांच्या काळापासून ओळखतो. ते थोडा वेळ पाहत राहिले, हसले, आणि म्हणाले, “सावकार, ह्यानं कंबर बरी हुती व्हय?” आम्ही म्हणालो, होते. ते म्हणाले, “तुमची कंबर दुखली तवा समद्या पेठेला कळलं. माझी सात वर्सं दुखतीया. घरातल्या माणसांशिवाय कुणाला ठावं न्हाई.”

हे हमाल रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी कंबरेला जुने धोतर घट्ट आवळून बांधीत. ते आम्ही सात वर्षे डोळ्यांनी पाहत होतो. हमालाचा पोशाखच तो, अशी आमची समजूत. आमच्या कंबरेच्या पट्ट्याला हजारो रुपये पडले होते. त्यांचा पट्टा आम्हांस दिसलाच नव्हता.

त्या वर्षीच्या दशलक्षण पर्वात, नेहमीप्रमाणे मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय होत होता. सातव्या दिवशी सातवा अध्याय आला. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपणांस पाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शक्तीहून अधिक भार लादणे हा हिंसेचाच अतिचार. लहानपणापासून हा शब्द आम्ही ऐकत आलो आणि प्रत्येक वेळी आमच्या डोळ्यांपुढे बैल उभा राहिला. त्या दिवशी प्रथमच हमाल उभा राहिला. विंध्यगिरीवर आम्हांस वाहून नेणारे ते चौघेही उभे राहिले. आम्ही रात्री भोजन करीत नाही, पाणी गाळून पितो, धान्यातील किडा हलक्या हाताने बाजूस काढतो. आणि ज्याच्या पाठीवर आमची पेढी उभी आहे त्याच्या पाठीची चौकशी आम्ही केली नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, परंतु लिहिले पाहिजे.

आमच्या तरुणपणी शंभर किलोचे पोते एका माणसाच्या पाठीवर जाई, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंवर आणावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. आता धान्याचे कट्टे बहुतांशी ५० किलोंचे किंवा त्याहून लहान येतात. परंतु कट्टा लहान झाला म्हणून दिवसाचा भार लहान होत नाही. गाडी लवकर खाली व्हावी म्हणून एका पाठीवर दोन कट्टे दिले जातात, हे आपण सर्व जाणतो.

आम्ही त्या हमालांना त्याच फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले. आमचेच तीन व्यायाम त्यांना दिले गेले, मात्र बाईंनी आम्हांस बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, “काका, व्यायामाने कंबर बळकट होईल. पण रोज तिच्यावर तेवढेच ओझे पडत राहिले तर मी काही करू शकणार नाही. त्याचे औषध तुमच्याकडे आहे.” तेव्हा आम्ही वखारीत चार बदल केले. दोन चाकांच्या हातगाड्या घेतल्या. गाडीच्या पाट्याशी जुळेल असा कंबरेइतक्या उंचीचा ओटा बांधला, म्हणजे कट्टा जमिनीवरून उचलावा लागत नाही. एका पाठीवर एकच कट्टा, आणि थप्पीच्या वरच्या थरासाठी दोन माणसे, हा नियम केला. दर दोन तासांनी दहा मिनिटांची विश्रांती दिली. गाडी खाली होण्यास पूर्वीपेक्षा थोडा वेळ अधिक लागतो. बाकी पेढीचे काही नुकसान झाले नाही.

ते हमाल आता काट्यावर तोलारीचे काम पाहतात. त्यांचे दुखणे पूर्ण गेलेले नाही. थंडीत त्रास होतो, असे ते सांगतात. आता निदान सांगतात तरी. सकाळी पेढी उघडण्यापूर्वी वखारीत दोन चटया पडतात. एक आमची, एक त्यांची. तांब्या न सांडता पाठ सरळ ठेवण्यात ते आमच्याहून सरस आहेत.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा श्रवणबेळगोळला गेलो. डोलीवाले पुढे आले. आम्ही त्यांना नमस्कार केला आणि पायऱ्या धरल्या. सात ठिकाणी थांबलो, नातू केव्हाच वर पोहोचला होता. परंतु आपल्या पायांनी पोहोचलो. कायोत्सर्गात उभे राहावयाचे म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार, हात मोकळे, कोणताही आधार नाही. नऊ वेळा णमोकार मंत्र होईपर्यंत आम्ही तसे उभे राहू शकलो.

आमच्या मंडळास एकच विनंती आहे. आपण दरवर्षी नेत्रतपासणी व रक्तदानाची शिबिरे घेतो, तसे एक शिबिर कंबरेसाठी घ्यावे. जाणते फिजिओथेरपिस्ट बोलवावेत, व्यायाम प्रत्यक्ष करून घ्यावेत, आणि त्या शिबिरात पहिली रांग हमालांची असावी. आपण त्यांच्या मागे उभे राहू. तसेच प्रत्येक सभासदाने आपल्या वखारीत एका पाठीवर किती भार जातो हे एकदा स्वतः काट्यावर घालून पाहावे. तोलण्याचे काम आपले जन्माचे आहे. हे एक तोलावयाचे राहून गेले होते.

भूलचूक देणे-घेणे.